रुक्मिणीचे पत्र

मैत्रिणींनो,

वेल्हे तालुक्यातल्या एका गावात मध्यंतरी आमची बैठक होती. (तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण बायकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) बैठक संपून चहा चालला होता. कोपऱ्यात एक तरुण सून मोबाइल पदराआड धरून वाचत बसली होती. काय वाचतेस विचारले तर लाजली. शेजारणीनेच सांगितले, "ताई, तिची गोष्ट चाललीय. त्यातला तो लई वंगाळ हाय, पण शेवटाला तिच्यावरच जीव टाकणार, बघा." सगळ्या हसल्या. आणखी तिघीचौघी तीच गोष्ट वाचत होत्या असे निघाले.

आमची एक कार्यकर्ती मात्र चिडली. दिवसभर आपण मारहाणीविरुद्ध बोलायचे आणि रात्री ह्यांनी तसल्याच पुरुषाची गोष्ट चवीने वाचायची? परतीच्या एसटीत नसरापूर येईपर्यंत हाच वाद चालला. तो इथे मांडावासा वाटतो, कारण तो आपल्या सगळ्यांचा आहे.

आधी वैर, मग प्रेम ही ह्या गोष्टींची रीत. इंग्रजीत सारा जे. मास ह्यांची 2015 साली सुरू झालेली कादंबरीमालिका आणि रिबेका यारोस ह्यांची 2023 ची 'फोर्थ विंग' जगभर खपल्या. त्यांत जादूची राज्ये आहेत, ड्रॅगन आहेत आणि नायिकेच्या जिवावर उठू शकेल असा नायक आहे. मराठीत 'प्रतिलिपी'सारख्या अ‍ॅपवरच्या क्रमशः कथांत तो राजा नसून गडगंज श्रीमंत, उर्मट आणि सूडापोटी लग्न करणारा असतो. साचा जुनाच आहे. शापित श्वापदाच्या वाड्यात राहावे लागलेल्या मुलीची फ्रेंच गोष्ट 1740 साली छापली गेली.

बायकांना ह्यात काय मिळते? अमेरिकेतल्या जॅनिस रॅडवे ह्यांनी प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींनाच हा प्रश्न विचारला आणि 1984 साली त्यावर पुस्तक लिहिले. बायकांचे म्हणणे साधे होते: वाचायला बसले की तेवढा वेळ माझा, तेव्हा मी कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. हे आपल्याला नवे नाही. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेली बाई हेच करत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ ह्यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सीतेच्या वनवासाचे दुःख बायका स्वतःचे म्हणून गातात. जाते गेले. आता सगळे निजल्यावरचा अर्धा तास आणि हातातला मोबाइल उरला.

दुसरे कारण अधिक खोल आहे. घरात कितीतरी बायकांना नवऱ्याचा राग कळतो, त्याचे कारण कळत नाही. गोष्टीत ते कळते. तिथला पुरुष निदान तिच्याकडे बघतो, तिच्याशी भांडतो, तिच्या शब्दाने घायाळ होतो आणि शेवटी चुकलो म्हणतो. वाचणारीला क्रौर्य नको असते. तिला तो शेवट हवा असतो, ज्याची घरात वाट पाहून ती थकली आहे. म्हणून तिला हसू नका. तिची भूक खरी आहे.

तरी आमच्या कार्यकर्तीचा राग पोकळ नव्हता. इथे आपल्याच घरातली गोष्ट आठवावी. मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार सांगितले आहेत. नातलगांना मारून, रडणाऱ्या ओरडणाऱ्या मुलीला बळाने पळवून नेणे हा त्यांतला राक्षसविवाह. कृष्णानेही रुक्मिणीला पळवलेच. मग फरक काय? रुक्मिणीने आधी पत्र पाठवले होते. ये आणि मला ने, हे तिचे सांगणे होते.

पुस्तक उघडणारी बाई रुक्मिणीसारखी असते. तिने स्वतः बोलावलेले असते, शेवट गोड आहे हे तिला ठाऊक असते, नकोसे झाले तर ती पान मिटते. पण गोष्टीतल्या नायिकेला पुष्कळदा कुणी विचारलेले नसते. तिचा नकार हा उशिरा कळलेला होकारच होता, असे लेखिका आपल्याला पटवते. इथे सावध व्हायचे. एसटीच्या थांब्यावर रोज पाठीमागे येणारा मुलगा मुलीला प्रेमवीर वाटू लागतो. मारणारा नवरा एक दिवस वितळेल, म्हणून बाई दहा वर्षे काढते. आणि कायदा? 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लैंगिक छळालाही हिंसाचार म्हणतो, पण सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बलात्कार ठरत नाही. तिचे पत्र कुणी मागतच नाही.

म्हणून वाचायला बंदी नको. मुलींच्या हातातून मोबाइल काढून घ्यायला गावात सगळे टपलेलेच आहेत, त्यांत आपली भर नको. उलट, ह्या गोष्टी बैठकीत आणू या. मोठ्याने वाचू या आणि तीनच प्रश्न विचारू या: हिला कुणी विचारले का? नाही म्हणाली तेव्हा काय झाले? निघून जायचे म्हटले तर हिला दार होते का?

हेच प्रश्न मग आपोआप आपल्या घरांना लागू होतील. पुस्तक बाईला मिटता येते. घराचे दारही तिला उघडता यावे, एवढ्यासाठी आपले काम आहे.

तुम्ही काय वाचता, का वाचता, ते न लाजता कळवा. पत्रांची वाट पाहत आहोत.