प्रोजेक्ट चालतो, पण किती दिवस?

माझ्या नौपाड्यातल्या इंजिनीअरिंगवाल्या मैत्रिणीने कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजणारं यंत्र बनवलं. दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणले, कोड स्वतः लिहिला. सबमिशनला लॅपटॉपला जोडून दाखवलं, मार्क छान मिळाले. मग ते बॅटरी लावून गच्चीवर ठेवलं. शनिवारी सकाळी लावलं, रविवारी रात्री बंद.

तुम्ही म्हणाल, मोठी बॅटरी घ्या. मी मास कॉमवाली, मलाही तेच सुचलं होतं. पण जरा गणित बघा. आर्डुइनो उनो बोर्ड जवळपास 50 मिलिअँपिअर खातो. 2000 मिलिअँपिअर-अवरची बॅटरी 40 तासांत संपणारच. आणि काम किती? तासाला एक सेकंद रीडिंग, म्हणजे दिवसाला 24 सेकंद! बाकी सगळा वेळ चिप 16 मेगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोक्यांनी धावत नुसती वाट बघते. रिकाम्या वर्गात पंखे-दिवे चालू ठेवल्यासारखंच. गंमत म्हणजे या बोर्डावरची एटीमेगा 328पी ही चिप सुटी घेतली, तर कारखान्यातून 1 मेगाहर्ट्झवरच सेट होऊन येते.

मग क्लॉक कमी केलं की झालं? नाही. वेग निम्मा केला तर चिपचा करंट साधारण निम्मा होतो, पण तेच काम करायला दुप्पट वेळ लागतो. हिशेब जवळपास तिथेच. वर मैत्रिणीने चालू कोडमध्ये क्लॉक निम्मं केलं, तर एका सेकंदाचा डीले दोन सेकंदांचा झाला आणि स्क्रीनवर अगम्य अक्षरं उमटायला लागली.

खरी बचत दोन ठिकाणी आहे. एक, वेग कमी असेल तर चिप कमी व्होल्टेजवर चालते आणि खर्च व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. 5 व्होल्टवरून 3 व्होल्टवर आलात की तेवढ्याच कामाला साधारण 36 टक्के ऊर्जा. दोन, काम संपलं की झोप. झोपेतला खर्च मायक्रोअँपिअरमध्ये मोजतात, म्हणजे मिलिअँपिअरच्या हजाराव्या भागात.

ही काटकसर नवी नाही. गोखले रोडवर घड्याळाचा सेल बदलून घेता ना? त्यातला क्वार्ट्झ सेकंदाला फक्त 32,768 वेळा कंप पावतो. तो आकडा 15 वेळा निम्मा केला की बरोबर 1 उरतो, म्हणजे एक सेकंद. म्हणूनच बटणाएवढा सेल वर्षानुवर्षं पुरतो. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा साधारण एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी 34 मधून अवकाशात गेला. तिथे चार्जर नाही. अंगावरच्या सौर पट्ट्या देतील तेवढ्यात भागवायचं.

शेतातही तेच. 'स्मार्ट शेती' नाव दिलेलं यंत्र दर दोन दिवसांनी बॅटरी मागत असेल, तर शेतकरी ते तिसऱ्या दिवशी काढून ठेवेल. म्हणून माझं म्हणणं आहे की प्रत्येक व्हायवात एक प्रश्न हवाच: प्लग काढला तर किती दिवस चालेल? सेमिस्टरमध्ये वेळ कमी असतो, हे मान्य. पण मल्टिमीटर लावून करंट मोजायला दहा मिनिटं पुरतात. सरांनी नाही विचारलं, तर तुम्हीच रिपोर्टमध्ये एक पान विजेच्या हिशेबाचं जोडा.

मैत्रिणीने बोर्ड काढून नुसती चिप ठेवली, 1 मेगाहर्ट्झवर आणली. सेन्सरलाही रीडिंगपुरतीच वीज दिली. तिचा वॉचडॉग टायमर एका वेळी जास्तीत जास्त 8 सेकंद झोपू देतो, म्हणून तासाभरात 450 डुलक्या. पंधरा दिवस झाले, गच्चीवरचं यंत्र अजून चालू आहे. बॅटरी तीच आहे.