आजऱ्याचं हायस्कूल, वाडीची शाळा आणि वीसचा पट

आजऱ्यात व्यंकटराव हायस्कूल माहीत नाही असा माणूस सापडणं अवघड. ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव आजही आजरा महाल शिक्षण मंडळ आहे. आजरा आधी इचलकरंजीच्या घोरपडे जहागिरीत होता, पुढे तालुका होईपर्यंत 'महाल' होता. त्याची खूण नावात राहिली.

पण असं हायस्कूल वाढतं कशावर? वाड्यावस्त्यांवर चौथी-सातवी करून पुढं शिकायला आजऱ्यात येणाऱ्या पोरांवर. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता! १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शिक्षण हक्क कायद्यानं तर अंतरच ठरवलं: पाचवीपर्यंत १ किलोमीटर, आठवीपर्यंत ३ किलोमीटर. शाळा पोराच्या जवळ येत गेली.

आता उलटं सुरू आहे. २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा १४ हजारांवर. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानं सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचं पदच धोक्यात आलं.

पट का घटला, हे आपल्याला ठाऊक आहे. तरणी माणसं मुंबई-पुण्याला गेली. जी राहिली त्यांच्या दारात इंग्रजी शाळेची गाडी येते. चार पोरांची शाळा, एकटे गुरुजी आणि त्यांच्यामागं ऑनलाइन माहितीचा तगादा, हेही काही चांगलं शिक्षण नव्हे. एकत्र करायला सरसकट विरोध नको. पण आपल्या पश्चिम भागातला पाऊस, गवे आणि हत्ती पुण्यातल्या हिशोबात दिसत नाहीत. आधी गाडी, मग शाळा हलवा. गाडी बंद पडली की पहिली घरी बसणार ती मुलगी. आणि ती बसली की उद्या आजऱ्याच्या हायस्कूलचाही पट घटणार.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, सह्यांपुरते नव्हे. संचमान्यता सप्टेंबरअखेरच्या पटावर होते. त्याआधीच्या बैठकीत पट किती आणि आधार जुळलेली पोरं किती, एवढं विचाराच. आधार जुळलं नाही, तर वर्गात बसलेलं पोरही मोजणीतून सुटतं.