अर्थसंकल्पातील पाच लाखांची मर्यादा: तुमच्या सातबाऱ्याला नेमके किती?

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 1 फेब्रुवारी 2025 रोजी 2025-26 चा अर्थसंकल्प मांडला. शहरात चर्चा झाली ती 12 लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर न लागण्याची. नोकरदार वर्ग खूश होता. गावात मात्र दोन टोकाची मते ऐकू आली. काहींच्या मते ‘आता बँक पाच लाख देणार’, तर काहींच्या मते ‘शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही’. शेतमालाचे उत्पन्न प्राप्तिकरातून आधीच मुक्त असल्याने 12 लाखांच्या घोषणेने फक्त शेतीवर जगणाऱ्या घराचा हिशेब बदलत नाही. हमीभावाच्या कायद्यासाठी खनौरी सीमेवर आंदोलन सुरू असताना त्याचा उल्लेखही अर्थसंकल्पात नव्हता, ही नाराजीही रास्त होती. पण नाराजी असो की आनंद, मार्चअखेरचा निर्णय घेण्याआधी हिशेब मांडून पाहा.

पाच लाख म्हणजे नेमके काय?

किसान क्रेडिट कार्डावरील व्याज सवलतीची कर्जमर्यादा 3 लाखांवरून 5 लाख करण्याची घोषणा 2025-26 च्या अर्थसंकल्पात झाली होती. ही सवलतीची कमाल मर्यादा आहे. प्रत्येकाला मिळणारी रक्कम नव्हे. तुमचे पीककर्ज ठरते ते जिल्ह्याच्या पीककर्ज दरावर आणि तुमच्या क्षेत्रावर. त्यात घरखर्च व काढणीनंतरच्या गरजांसाठी 10 टक्के, शेतीच्या साधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी 20 टक्के आणि विमा हप्ता धरता येतो.

समजा, तुमच्या पिकाचा दर एकरी 25 हजार आहे आणि जमीन 4 एकर. पिकासाठी 1 लाख, वरचे 30 टक्के धरून 1 लाख 30 हजार. म्हणजे जुनी 3 लाखांची मर्यादाही तुम्ही गाठत नाही. या दराने 3 लाख ओलांडायला 9 एकरांपेक्षा जास्त जमीन लागेल. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. त्यामुळे सोयाबीन, कापूस, तूर घेणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांना या वाढीचा थेट लाभ नाही.

द्राक्ष, केळी, डाळिंब, ऊस उत्पादकांचे गणित वेगळे आहे. द्राक्षाचा दर एकरी सव्वा लाख धरला तर दोन एकरांतच कर्ज सव्वातीन लाखांवर जाते. कर्जमर्यादा पाच लाखांपर्यंत बसत असेल, तर वरचे 2 लाख शेकडा दोन रुपये महिन्याने सावकाराकडून उचलण्याची गरज उरत नाही. सावकाराचे वर्षाचे व्याज 48 हजार होते. बँकेच्या 4 टक्के दराने तेच 8 हजार. मात्र बँकेकडे लेखी सूचना आल्याशिवाय या रकमेच्या भरवशावर लागवडीचे नियोजन करू नका.

लहान शेतकऱ्याच्या अधिक कामाचा बदल अर्थसंकल्पाबाहेरचा आहे. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2025 पासून विनातारण कृषी कर्जाची मर्यादा 1.60 लाखांवरून 2 लाख केली आहे. दोन लाखांच्या आतील कर्जासाठी तारण मागितले, तर हा नियम दाखवा.

31 मार्चची चूक महाग पडेल

गेल्या पंधरवड्यात एका गावातील बैठकीत एका शेतकऱ्याने विचारले, ‘‘साहेब, निवडणुकीत कर्जमाफीचं बोलले होते, आता पाच लाखांचंही आलंय. मग आत्ता कर्ज भरायचं कशाला?’’ हाच प्रश्न अनेकांच्या मनात आहे. उत्तर असे: केंद्राच्या त्या अर्थसंकल्पात कर्जमाफी नव्हती. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये होता, त्यात काय असेल हे तेव्हा कोणीही सांगू शकत नव्हते.

भरल्याचा फायदा मात्र आजच ठरलेला आहे. पीककर्जाचा सवलतीचा दर 7 टक्के आहे. मुदतीत फेड केल्यास केंद्राकडून 3 टक्के सूट मिळते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे 3 लाखांपर्यंतचे कर्ज शून्य टक्क्यावर येते. एक लाखावर वर्षाचे 7 हजार वाचतात. मुदत चुकली तर ही सूट जाते, पुढे बँकेचा नेहमीचा दर लागतो आणि थकबाकीदार म्हणून खरिपाचे नवे कर्ज अडते. ते अडले की मृगाच्या तोंडावर बियाणे-खतासाठी दुकानदाराची उधारी किंवा सावकार, हेच दोन मार्ग उरतात.

सोयाबीन हमीभावाखाली विकावे लागल्याने 2024-25 च्या हंगामात हात रिकामे राहिले, हे खरे आहे. पूर्ण रक्कम जमत नसेल तर सोसायटी सचिव किंवा शाखाधिकाऱ्यांना आताच भेटा. मुदत उलटल्यावर गेलात तर त्यांच्याही हातात फारसे राहत नाही.

तूर उत्पादकांसाठी

कडधान्यांसाठी सहा वर्षांचे अभियान जाहीर झाले आहे. नोंदणी व करार करणाऱ्या शेतकऱ्यांकडून नाफेड आणि एनसीसीएफ चार वर्षे तूर, उडीद, मसूर खरेदी करतील. दुसरीकडे 2025 मध्ये तुरीची शुल्कमुक्त आयात 31 मार्च 2026 पर्यंत वाढवली होती. त्यामुळे खुल्या बाजारात मोठ्या तेजीची आशा धरण्यासारखे नव्हते. हमीभाव (2024-25 मध्ये तो 7,550 रुपये होता) हाताशी ठेवायचा तर नोंदणी करा, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद तपासा आणि माल 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच केंद्रावर न्या.

विस्तार कार्यकर्त्यांना विनंती

गावात ‘पाच लाख मिळणार’ असे सांगू नका. प्रत्येकाचे क्षेत्र, पीक आणि जिल्ह्याचा दर घेऊन त्याची मर्यादा कागदावर काढून द्या. पंतप्रधान धन-धान्य कृषी योजनेच्या 100 जिल्ह्यांची यादी फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झालेली नव्हती. ती पाहिल्याशिवाय आपला जिल्हा त्यात गृहीत धरू नका. आणि फेब्रुवारी संपण्याआधी प्रत्येक कर्जदाराला त्याच्या फेडीची तारीख आठवणीने सांगा.