सहीपुरते कवी

कवीच्या हस्ताक्षरातील, खाली त्याची सही असलेले पत्र जपणे हा निरुपद्रवी छंद आहे, असे आम्हीही बरीच वर्षे मानत होतो. गेल्या सुट्टीत धडगावचा घाट उतरून एका जुन्या सहाध्यायाकडे गेलो आणि आमचे मत बदलले. त्याच्या दिवाणखान्यात एका नामवंत मराठी कवीचे पत्र काचेत मढवलेले होते. पत्र पाठपोट लिहिलेले आणि सही दुसऱ्या पानावर. म्हणून दुसरे पान काचेकडे, पहिले पुठ्ठ्याकडे. पहिल्या पानावर काय आहे, असे विचारले. ‘‘ते काही वाचलं नाही रे. चौकटीसकटच मिळालं,’’ असे उत्तर आले. हा गृहस्थ मराठीच्या एम.ए.ला आमच्याच बाकावर बसत असे.

आमचा आक्षेप संग्रहाला नाही, न वाचण्याला आहे. कायद्यानेही पत्र ही दुहेरी वस्तू आहे: कागद ज्याला पत्र आले त्याचा किंवा पुढे ज्याने तो विकत घेतला त्याचा, मजकुराचा स्वामित्वहक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांचा. सहीचा बाजार यातील फक्त कागद ओळखतो.

या बाजाराची परिणती पाहायची तर फ्रान्सकडे पाहावे. रँबोने सोळाव्या वर्षी, १३ मे १८७१ रोजी, आपले शिक्षक इझांबार यांना लिहिलेले पत्र आज त्याच्या काव्यविचाराचा पाया मानले जाते. ते टिकले, कारण एका शिक्षकाने ते जपले. जाक दूसे या पोशाखकाराने कवींची हस्तलिखिते आणि पत्रे हौसेने जमवली. त्याचा संग्रह पॅरिस विद्यापीठाकडे गेला आणि अभ्यासकांना खुला झाला. त्याच पॅरिसात आरिस्तोफिल नावाच्या कंपनीने पत्रांचे आणि हस्तलिखितांचे हिस्से पाडून ते सुमारे १८,००० गुंतवणूकदारांना विकले. २०१५ मध्ये ती बुडाली. सुमारे १,३०,००० कागदपत्रांचे लिलाव २०१७ पासून सुरू झाले. ज्यांनी पैसे घातले, त्यांतील कितींनी आपल्या वाट्याचा कागद वाचला असेल?

आणि या मोजपट्टीने आमच्या खानदेशाचे काय होते? बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि एका नातलगाने लिहून घेतल्या. १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक आले. सहीच्या बाजारात बहिणाबाईंची किंमत शून्य. आमच्या वर्गात पावरी आणि भिली बोलणाऱ्या घरांतून मुले येतात. त्यांच्या आज्यांच्या गाण्यांखालीही कोणाची सही नाही. हस्ताक्षरालाच कवित्वाचा पुरावा मानले, तर ही सारी कविता बेवारस ठरते.

संग्राहक म्हणतील, आम्ही नसतो तर ही पत्रे रद्दीत गेली असती. हे खरे आहे, आणि त्याचा दोष आम्हा प्राध्यापकांकडेही येतो. कवीच्या घरचे ट्रंक उघडतात तेव्हा आपण तेथे नसतो. पण जी. ए. कुलकर्णींची पत्रे ज्यांना आली, त्यांनी ती छापायला दिली, म्हणून ‘जी.एं.ची निवडक पत्रे’ आज धडगावात बसूनही वाचता येतात. जपणे आणि वाचू देणे यांत वैर नाही, हे त्यावरून दिसते.

म्हणून मागणी साधी आहे. मूळ पत्र खुशाल भिंतीवर ठेवावे. प्रत्येक पानाची प्रत मात्र एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अभ्यासासाठी द्यावी. छापायचे असेल तर वारसांची परवानगी घ्यावी. आणि ग्रंथालयांनी ‘आमच्याकडे अशी नोंदवही नाही’ या सबबीवर ती नाकारू नये.

सहाध्यायाला आम्ही निघताना एवढेच सांगितले: चौकट उघड आणि पहिले पान वाच. तो अजून विचार करतो आहे.