उन्हाने जीन मरतं का?



दोंडाईच्याजवळच्या एका भगिनीने विचारलं आहे: "कपाशीत जिवाणूचं जीन घातलंय म्हणतात. मग आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ते मरत असेल, म्हणूनच बोंडअळी येते का? आणि सरकीच्या तेलाचं काय?"

आधी तेलाचं. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरतच नाहीत. हलाल-हरामचा फैसला उलमांचा, मी फक्त जीवशास्त्राचं सांगते.

अळी मारणारं जीन मातीतल्या एका जिवाणूचं, पण ते कपाशीत नेऊन ठेवायला हमाल दुसराच लागला. त्याचं नाव अॅग्रोबॅक्टेरियम. हा जिवाणू झाडाच्या जखमेतून आपल्या जीनचा तुकडा आत सोडतो आणि तिथे गाठ येते. शास्त्रज्ञांनी गाठीचं जीन काढून हवं ते जीन त्याच्याकडे दिलं. कोकर नावाच्या अमेरिकन कपाशीत हे काम झालं. पुढे जालन्याच्या महिकोने आपल्या वाणांशी तिचा संकर केला आणि मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली.

या हमालाला गरमी खरंच सोसत नाही. मजा अशी की त्याची स्वतःची वाढ 28 अंशांना उत्तम होते, पण जीन पोचवायला लागणारी बारीक तंतूसारखी नळी त्या तापमानाला नीट तयार होत नाही. 1997 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी तंबाखू आणि एका घेवड्यावर पाहिलं: 22 अंशांना जीन सर्वात जास्त पोचलं, 25 ला बरंच कमी, 29 ला दिसलंच नाही. म्हणजे धुळ्याच्या उन्हाळ्यात पंख्याखाली हा प्रयोग करायला बसलात तर हाती काहीच लागायचं नाही!

पण ही सगळी बात जीन आत जाईपर्यंतची. अमेरिकेतल्या आर्मिन ब्राऊन यांनी 1940 च्या दशकात आपल्या अंगणात असते तीच सदाफुली घेतली. झाडाला जिवाणू टोचले, दीड-दोन दिवस जाऊ दिले, मग झाड 46 अंशांच्या आसपास ठेवलं. सदाफुली टिकली, जिवाणू मेले, आणि गाठ मात्र वाढत राहिली. हमाल मेला तरी माल घरात पोचला होता. तुमच्या बियाण्यात तर तो हमाल उरलेलाच नाही. जीन कपाशीच्या पेशीत पक्कं बसलं आहे, ते उन्हाने निघत नाही. फार कडक उन्हात झाड अळीचं विष जरा कमी बनवतं, एवढं खरं.

गुलाबी बोंडअळीचं कारण वेगळं आहे. तिला ते विष आता पचतं. तिला अशी तयार व्हायला आपणही मदत केली. पूर्वी पाकिटाबरोबर वेगळं येणारं बिगर-बीटी बियाणं कडेने लावायचं असायचं. त्यावर वाढलेल्या साध्या अळ्यांशी संकर होत राहिला तर विष पचवणारी जात लवकर फोफावत नाही. ती पुडी कितीजणांनी बांधावर फेकली, ते घरात विचारा. मे महिन्यात पाणी देऊन लावलेली कपाशी अळीला लवकर फुलं देते, आणि डिसेंबरनंतर ठेवलेली फरदड तिला उन्हाळ्यापर्यंत पोसते.

आणि बियाणं पत्र्याच्या खोलीत ठेवलं असेल तर आजच हलवा. त्या गरमीत जीन जात नाही, उगवण जाते.