साहित्य आणि वाङ्मय

‘साहित्य’ म्हणजे काय, असें विचारल्यास आमचे विद्यार्थी तत्काळ क्रमिक पुस्तकांतील धड्यांकडे बोट दाखवितात. परंतु कोपरगांवच्या पेठेंत ‘शालेय साहित्य’ आणावयास जाणाऱ्याच्या हातीं वह्या, पट्टी आणि पेन्सिलीच पडतात. स्वयंपाकघरांत साहित्य म्हटलें कीं पीठमीठ पुढें येतें!

यांत विसंगति नाहीं. ‘सहित’ म्हणजे बरोबर असलेलें, त्यावरून साहित्य. कार्यास लागणाऱ्या वस्तु एकत्र जमल्या म्हणजे एक साहित्य, आणि शब्द व अर्थ एकमेकांस न सोडतां नांदले म्हणजे दुसरें. भामहानें काव्याचें लक्षण या सहितपणावरच बसविलें आहे. (बाणभट्टाच्या नायिकेचें ‘कादंबरी’ हें नांव तर आम्हीं मराठी लोकांनीं एका सबंध ग्रंथप्रकारास देऊन टाकलें!)

पण आमचा खरा ओढा ‘वाङ्मय’ या शब्दाकडे आहे. अलीकडे तो मागें पडत चालला आहे, याचें आम्हांस वाईट वाटतें. इंग्रजी ‘लिटरेचर’ हा शब्द लॅटिन भाषेंतील अक्षरवाचक शब्दापासून निघाला. वाङ्मय निघालें तें वाचेपासून. पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ धरला तर निरक्षर मनुष्य उंबऱ्याबाहेर राहतो. दुसऱ्यानें तो घरांत येतो. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. आपल्याच जिल्ह्यांतील नेवासें येथें शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी यांस लिहितां येत नव्हतें. शेतांत, घरांत, जात्यावर त्यांच्या मुखांतून आलेलीं गाणीं घरच्यांनीं उतरून ठेवलीं, म्हणूनच १९५१ सालीं त्या निवर्तल्यावर पुढच्याच वर्षीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध होऊं शकलीं. उतरून घेणारा हात घरांत नसता तर?

गोदाकांठच्या खेड्यांत जातीं थांबून बरीच वर्षें लोटलीं. दळण गिरणीवर जातें. परंतु जात्यावर गाइलेल्या आजी कांहीं घरांत अजून आहेत. त्यांस ओव्या येतात, आणि नातवंडांस लिहितां येतें. पालकांनीं सुटींत या दोघांची गांठ घालून द्यावी, अशी आमची विनंति आहे. मात्र लिहितांना आजीची भाषा ‘शुद्ध’ करण्याचा मोह आवरावा. ती ‘व्हतं’ म्हणाली तर ‘व्हतं’ असेंच लिहावें, आणि ती ओवी तिला कोणाकडून मिळाली हेंही खालीं नमूद करावें.