यंत्राची चिकाटी

फराळाचे ताट घेऊन शेजारी जावे आणि दाराला कुलूप दिसावे, तर आपण ताट घेऊन परत येतो आणि तासाभराने पुन्हा डोकावतो. पण बिऱ्हाडच हलले असे कळले, तर जिना पुन्हा चढत नाही. ई-मेलचा कारभारही असाच चालतो.

परवा रात्री शेजारच्या काकू डोळ्यांना पदर लावून आल्या. लेकीने शिष्यवृत्तीचा अर्ज दुपारी धाडला होता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुदत संपत होती. "अहो, पत्र परत आलं हो!"

पत्र परत आलेले नव्हते. 'अजून पोचले नाही, प्रयत्न चालू आहे, पुन्हा पाठवू नये' एवढीच ती इंग्रजी चिठ्ठी होती. आकडा होता ४५२, म्हणजे पलीकडे जागा शिल्लक नाही.

पत्र घेणारे यंत्र तीन आकड्यांत उत्तर देते. पहिला आकडा २ असेल तर मिळाले, ५ असेल तर घेणार नाही, आणि ४ असेल तर आत्ता नाही, मागाहून या. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या नियमावलीत हे आहे. चार आला की पाठवणारे यंत्र पत्र आपल्याच रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा दार ठोठावते. २००८ च्या नियमावलीप्रमाणे दोन खेपांत निदान अर्धा तास जावा आणि चार-पाच दिवस तरी आशा सोडू नये. (काही यंत्रे याहून उतावळी असतात, माणसांसारखेच!) कित्येक ठिकाणी अनोळखी यंत्राला पहिल्या खेपेस मुद्दामच 'मागाहून या' म्हणतात. जाहिरातींचा रतीब घालणारे पुष्कळसे भामटे पुन्हा फिरकत नाहीत, सज्जन मात्र येतात.

हे सारे मी काकूंना मोठ्या ऐटीत समजावले. लेक शांतपणे म्हणाली, "काका, पण यंत्राला मुदत कुठे ठाऊक आहे?"

मी गप्प झालो. पाच दिवसांची चिकाटी उद्याच्या मुदतीपुढे काय कामाची?

सकाळी दहाला तिने त्या कार्यालयात फोन केला. "आमची पेटी भरली वाटतं," असे म्हणून तिथल्या गृहस्थांनी ती रिकामी केली. पावणेबाराला अर्ज पोचल्याची पावती आली. तिने पुन्हा काही धाडले नव्हते. रांगेतले तेच पत्र पुढच्या खेपेस आत गेले होते.

चकल्या मात्र काकूंनी आमच्याकडे दोनदा पाठवल्या.